तंतोतंत जुळणारा जबाब

विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करणाऱ्या माणसाला कुणी आपणहून चहा विचारला, तर तो आधी कपाकडे बघतो, मग विचारणाऱ्याकडे आणि शेवटी दाराकडे. यात त्याचा काही दोष नसतो. जळालेली गोदामं, बुडालेली तळघरं आणि आपल्या आपण भिंतीवर जाऊन आदळलेल्या गाड्या बघण्यात ज्याची उमेदीची सगळी वर्षं गेली, आणि प्रत्येक ठिकाणी "साहेब, शप्पथ सांगतो, अस्संच झालं" हे वाक्य ज्याला ऐकावं लागलं, त्याचा चहावरचा विश्वास उडाला तर नवल नाही.

या गोष्टीतल्या गृहस्थांना सगळी इमारत तपासनीस म्हणायची. हे नाव त्यांनी कष्टाने कमावलं होतं. जिन्यातला दिवा नाहीसा झाला तेव्हा कठड्यावरच्या धुळीतले ठसे बघून चोर म्हणजे खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर, हे त्यांनी बघता बघता सिद्ध केलं. दिवा उडाला म्हणून हेडमास्तरांनी तो काढला होता आणि नवा आणायला ते दुकानात गेले होते, हे नंतर कळलं. पण ठसे हेडमास्तरांचेच निघाले की नाही, असं तपासनीस अजून विचारतात, आणि तेही खोटं नाही.

त्यांच्या बायकोचं चष्म्याचं दुकान होतं, म्हणून त्या चष्मेबाई. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलून "हे स्पष्ट की ते स्पष्ट?" विचारायची त्यांना सवय. घरातलं भांडणही त्या याच रीतीने मिटवायच्या. दोन पर्याय पुढे ठेवायच्या आणि तपासनीसांना एक निवडायला लावायच्या. दोन्ही पर्याय चष्मेबाईंच्याच मनासारखे असतात, हा संशय तपासनीसांना लग्नाच्या पहिल्याच वर्षी आला होता. पुरावा मात्र अजून मिळालेला नाही.

तर या दोघांनी मूल दत्तक घ्यायचं ठरवलं. का ठरवलं, त्याआधी काय काय करून झालं, कुठल्या डॉक्टरांनी कशी मान हलवली, ते सगळं सोडून देऊ. इमारतीला ते पाठ आहे.

दत्तक देणारी संस्था एका जुन्या शाळेच्या इमारतीत होती. पहिल्याच भेटीत, संस्थेच्या ताई आत कागद शोधत होत्या तेव्हा, बाहेरच्या बाकावर बसलेल्या तपासनीसांपुढे एक मुलगी येऊन उभी राहिली. वय सहा. पाठीवर दप्तर, दोन्ही पट्टे घट्ट ओढलेले. तिने तपासनीसांच्या मनगटाकडे बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"तुमचं घड्याळ पुढे आहे," ती म्हणाली.

"मुद्दाम ठेवलंय."

"का?"

"लोक उशिरा येतात म्हणून."

"मग लोकांची घड्याळं पुढे करायला पाहिजेत. तुमचं करून काय उपयोग?"

हा प्रश्न तपासनीसांना इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता. त्यांनी स्वतःलाही विचारला नव्हता. ते उत्तर जुळवतायत तोवर मुलगी निघून गेली. जाताना तिने एकदा मागे वळून बघितलं, पण तेही मायेने नव्हे. हा माणूस आपल्या मागे येत नाही ना, एवढंच तिला बघायचं होतं.

ताईंनी नंतर सांगितलं की तिला इथे मोठी म्हणतात. ती चौथ्या वर्षापासून मोठी आहे, कारण लहान लहान मुलं घरोघरी जातात आणि उरलेल्यांत हीच मोठी ठरते. मध्ये एकदा तीही एका घरी गेली होती. दोन महिन्यांनी त्या लोकांनी तिला परत आणून सोडलं. आमच्याशी जमवून घेत नाही, म्हणाले. तेव्हापासून दप्तर पाठीवरून उतरत नाही. जेवतानाही नाही.

जिना उतरताना तपासनीस एकच शब्द बोलले, "ती." चष्मेबाई म्हणाल्या, माझं मघाशीच ठरलंय. इतका मोठा निर्णय वादाशिवाय झाला याचं तपासनीसांना आश्चर्य वाटलं आणि थोडा संशयही आला.

पुढे कागदपत्रं सुरू झाली. वर्तणुकीचा दाखला आणायला तपासनीस पोलिस चौकीत गेले, तर तिथे त्यांचं नाव अमुक जाळपोळ, तमुक फसवणूक, गाडी नदीत ढकलणे अशा सगळ्या प्रकरणांत निघालं. प्रत्येक प्रकरण त्यांनीच उघडकीला आणलं होतं. पण दाखला देणारा हवालदार नवा होता. आरोपी, तक्रारदार आणि साक्षीदार यांत फरक असतो, हे त्याला तत्त्वतः मान्य होतं, पण एकच माणूस इतक्या ठिकाणी हजर असतो म्हणजे काहीतरी असणारच, असं त्याचं मत पडलं. तपासनीस चिडले खरे, पण मनातल्या मनात त्यांना हवालदाराचं म्हणणं पटलं. त्यांनीही असाच विचार केला असता.

प्रकृतीच्या दाखल्यावर डॉक्टरांनी 'ठणठणीत' असं लिहून दिलं. त्यावर तपासनीसांनी हरकत घेतली. ज्या गाडीला एकही ओरखडा नाही ती रंगवून आणलेली असते, तसा ज्या माणसाला एकही दुखणं नाही त्याचा दाखला विकत आणलेला वाटतो. काहीतरी बारीकसं लिहा, असा त्यांनी आग्रह धरला. डॉक्टरांनी शेवटी कंटाळून लिहिलं, 'यांना काहीही झालेलं नाही, आणि हे यांना पटत नाही.' तो दाखला घेऊन तपासनीस समाधानाने घरी आले.

इथवर ठीक होतं. खरी गोम पुढे होती. संस्थेच्या ताई घरी येणार होत्या. नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून प्रश्न विचारणार होत्या, मग दोन शेजाऱ्यांशी बोलणार होत्या आणि एका नातेवाइकाला फोन करणार होत्या. त्यावरून ठरणार होतं की मोठी या घरी यायची की नाही. तिच्यासाठी मागची खोली पिवळ्या रंगाने रंगवून झाली होती. खाट आली होती. चष्मेबाईंनी दुकानातून एक छोटी फ्रेम आणून ठेवली होती, लागली तर असू दे म्हणून. आता संस्थेने नाही म्हटलं असतं तर त्या खोलीचं दार कुणी उघडलं असतं, हे दोघांनाही सांगता आलं नसतं.

आणि नेमकं इथेच तपासनीसांचं ज्ञान आडवं आलं.

"वेगवेगळं बसवणार म्हणजे जबाब ताडून बघणार," ते म्हणाले. "माझं रोजचं काम आहे ते. दोघांचे जबाब शब्दाला शब्द जुळले की समजायचं, आदल्या दिवशी बसून पाठ केलेत. खरी माणसं थोडी थोडी चुकतात. एक म्हणतो आग सातला लागली, दुसरी म्हणते अंधार पडत होता. न चुकणारे तेवढे लबाड."

"मग?"

"मग आपणही थोडं चुकायचं. ठरवून."

त्यांनी बेत मांडला. दत्तक घ्यायचं कुठे ठरलं, असं विचारलं तर तपासनीस म्हणणार गॅलरीत आणि चष्मेबाई म्हणणार स्वयंपाकघरात. मुलीच्या खोलीला आधी कुठला रंग द्यायचा होता, तर तपासनीस म्हणणार पिवळाच, चष्मेबाई म्हणणार निळा. फरक बारीक हवा, पण नजरेत भरला पाहिजे. चष्मेबाईंनी शांतपणे विचारलं की सरळ खरं सांगितलं तर काय होईल. तपासनीस म्हणाले, खरं सांगितलं तर जुळेल. मग जुळू दे की, असं चष्मेबाई म्हणाल्या. तेव्हा तपासनीसांनी त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं, जसं आगीच्या दाव्यात मेणबत्तीचा उल्लेखच विसरलेल्या माणसाकडे बघावं.

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण शेजाऱ्यांचे जबाबही आपल्याबद्दल नुसतेच गोड आले तर विकत घेतल्यासारखे वाटतील, ही भीती त्यांना वाटली. म्हणून ते खाली हेडमास्तरांकडे गेले आणि आपल्याविषयी चांगलं बोलताना एखादा बारीकसा दोषही सांगा, अशी विनंती केली.

हेडमास्तर निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. त्यांचा चेहरा उजळला. दोष थोडक्यात सांगायचा की सविस्तर, उदाहरणं द्यायची का, असं त्यांनी विचारून घेतलं. तपासनीस म्हणाले, एकच पुरे. एकावर कसं भागेल, निवडायला वाव नको का, असं हेडमास्तर पुटपुटले, आणि ते तपासनीसांना तेव्हाच खटकायला हवं होतं.

समोरच्या दाराला दातांच्या डॉक्टरीणबाई राहायच्या. त्यांनी दोष सांगायचं लगेच कबूल केलं, वर सल्लाही दिला. त्या ताईंसमोर फार हसू नका, म्हणाल्या. तुम्ही हसलात की माणसाला वाटतं, याला काहीतरी सापडलंय. तपासनीसांनी घरी येऊन आरशासमोर हसून बघितलं. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं बरोबर होतं.

फोन थोरल्या बहिणीला जाणार होता. तिला काही शिकवायची गरज नव्हती. भावाचे दोष सांगायला तिला कधीच विनंती करावी लागली नव्हती.

ठरलेल्या दिवशी ताई अगदी ठरलेल्या वेळी आल्या. बुटक्याशा बाई, सर्दीने नाक लाल झालेलं, हातात कापडी पिशवी. आधी त्यांनी चष्मेबाईंशी स्वयंपाकघरात बोलून घेतलं, दार लावून. मग बाहेर येऊन तपासनीसांसमोर बसल्या आणि काहीच बोलल्या नाहीत.

ही युक्ती तपासनीसांच्या रोजच्या वापरातली. समोर बसायचं आणि गप्प राहायचं. माणसाला शांतता सोसत नाही, तो आपणहून बोलायला लागतो आणि नको ते बोलून बसतो. आपल्यावर आपलंच हत्यार चालवलं जातंय हे ओळखून तपासनीसही गप्प राहिले. ताई त्यांच्याकडे बघत राहिल्या, ते ताईंकडे बघत राहिले. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. चष्मेबाईंनी दोनदा दारातून डोकावून बघितलं आणि कपाळाला हात लावला. शेवटी ताईंना शिंक आली. तपासनीसांना जिंकल्यासारखं वाटलं. ताई रुमाल शोधत होत्या आणि तेवढी सर्दी सोडली तर त्यांच्या गप्प बसण्याला काही कारण नव्हतं, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

"दत्तक घ्यायचं कुठे ठरलं तुमचं?" ताईंनी विचारलं.

आणि नेमक्या त्या क्षणी तपासनीसांना संशय आला, की चष्मेबाई आपला वाटा विसरल्या असणार. बेत त्यांना मुळातच पसंत नव्हता. त्या सरळ 'गॅलरीत' म्हणून मोकळ्या झाल्या असतील. मग आपणही गॅलरी म्हटलं तर जुळलं. तेव्हा ते म्हणाले, स्वयंपाकघरात. रंगाचंही तसंच. पिवळ्याच्या जागी ते निळा म्हणाले आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाले.

आत चष्मेबाईंना आधीच हाच संशय आला होता. ऐन वेळी नवरा घाबरून स्वतःच्याऐवजी बायकोचाच वाटा बोलून टाकेल, म्हणून त्यांनी गॅलरी आणि पिवळा सांगून ठेवलं होतं. म्हणजे बेत पाठ असलेल्या दोन माणसांनी आपापले कागद अदलाबदल करून वाचावेत, तसं झालं. दोघं जे म्हणाले ते पुन्हा जुळलं नाहीच, पण ताई दाराशी थांबल्या तेव्हा चष्मेबाई बोलता बोलता "आम्ही स्वयंपाकघरात... म्हणजे गॅलरीत" असं म्हणून गेल्या आणि तपासनीसांनी "बरोबर" म्हणून मान डोलावली.

मधला एक प्रश्न तेवढा बेतात नव्हता. रात्री ती रडत उठली तर कोण उठणार, असं ताईंनी विचारलं. तपासनीस म्हणाले, मी. ताईंनी विचारलं, काय कराल? का रडतेय ते आधी बघीन, असं ते म्हणाले. आणि कळलंच नाही तर? तपासनीस थोडा वेळ गप्प झाले. ही शांतता मात्र त्यांची युक्ती नव्हती. मग ते म्हणाले, बसून राहीन.

ताई खाली हेडमास्तरांकडे गेल्या. तपासनीस बादली घेऊन जिन्यात झाडांना पाणी घालायला उभे राहिले. जिन्यात एकच झाड होतं आणि तेही प्लास्टिकचं. खालून हेडमास्तरांचा वर्गात शिकवावं तसा खणखणीत आवाज येत होता. त्यांनी दोषांचे तीन भाग पाडले होते, स्वभावाचे, सवयीचे आणि इतर. प्रत्येक भागाची प्रस्तावना होती. पहिला भाग संपेपर्यंत बादलीतलं पाणी पायरी पायरीने खाली उतरून हेडमास्तरांच्या उंबऱ्यापाशी पोचलं, आणि हेडमास्तरांनी तेही उदाहरण म्हणून ताईंना दाखवलं.

डॉक्टरीणबाईंचं दार बंद होतं, म्हणून तिथलं काही ऐकू आलं नाही. आतून दोनदा हसण्याचा आवाज मात्र आला. थोरल्या बहिणीने फोनवर काय सांगितलं ते तिनेच संध्याकाळी अभिमानाने कळवलं. लहानपणी भावाने तिच्या रडणाऱ्या बाहुलीचं पोट फाडलं होतं. बाहुली खरंच रडते की नुसतं नाटक करते, ते त्याला बघायचं होतं. "पण नंतर शिवून दिली हो," ती म्हणाली. "ते सांगायचं राहिलं बघ."

निरोप आला तो अपेक्षेप्रमाणेच. तुमचं प्रकरण तूर्त थांबवलं आहे. नवरा-बायकोचे जबाब बनवलेले वाटतात, शेजाऱ्यांच्या तक्रारी बऱ्याच आहेत आणि बाहुलीचा उल्लेख गंभीर आहे.

चष्मेबाई त्या दिवशी रागावल्या नाहीत. त्या मागच्या खोलीत गेल्या, खाटेवर बसल्या आणि रडल्या. तपासनीस दारात उभे राहिले. का रडतेय ते त्यांना बघायची गरज नव्हती, आणि बसून राहायचं धैर्यही होत नव्हतं. शेवटी चष्मेबाईंनी डोळे पुसले आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "तू जाऊन खरं सांगतोस, की मी जाऊन सांगू? कुठलं स्पष्ट?"

तपासनीस गेले.

संस्थेत त्या दिवशी सगळ्या मोठ्या खुर्च्या कुठल्याशा बैठकीसाठी वर नेल्या होत्या. तपासनीसांना मुलांची खुर्ची मिळाली. गुडघे छातीशी आणि नाक टेबलाच्या काठाशी, अशा अवस्थेत त्यांनी सगळा बेत पहिल्यापासून सांगितला. जबाब कसे मुद्दाम वेगळे ठरवले, मग दोघांनी कसे उलटे सांगितले, हेडमास्तरांना दोष सांगायची विनंती कशी आपणच केली. आयुष्यात इतकं खरं ते सलग कधी बोलले नव्हते.

"म्हणजे आधीचा जबाब खोटा होता," ताई म्हणाल्या.

"खोटा नाही. ठरवलेला."

"आणि आत्ताचा खरा."

"हो."

"कशावरून?"

तपासनीसांनी तोंड उघडलं. पुरावा नव्हता. साक्षीदार होती ती त्यांची बायकोच, आणि बायकोची साक्ष त्यांनी स्वतः कधी धरली नव्हती. त्यांच्या तोंडून आपसूक बाहेर पडलं, "ताई, शप्पथ सांगतो, अस्संच झालं."

बोलून झाल्यावर त्यांना आपलाच आवाज ऐकू आला. गोदामवाले, तळघरवाले, गाडीवाले सगळे डोळ्यांपुढे उभे राहिले, आणि त्यांतले काहीजण तरी नक्की खरं बोलत असणार, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. त्यांचे कान लाल झाले.

ताईंनी नाक पुसलं. त्यांची सर्दी अजून गेली नव्हती. मग त्या म्हणाल्या, "तुमच्या हेडमास्तरांनी दुसऱ्या भागात काय सांगितलं, माहीत आहे? रोज संध्याकाळी तुम्ही त्यांचं दार वाजवून गॅस बंद केला का म्हणून विचारता. त्यांना अपमान वाटतो. एकट्या माणसाचा विसराळूपणा काढता, म्हणे."

तपासनीस म्हणाले की दोनदा तो चालू सापडला होता.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यांची मुलगी शाळेच्या बसमध्ये बसते तेव्हा तुम्ही खाली उतरून ड्रायव्हरच्या तोंडाचा वास घेता. बस येईल त्या प्रत्येक दिवशी. त्यांना लाज वाटते."

"अजून आलेला नाही वास," तपासनीस म्हणाले. "पण सांगता येत नाही."

ताईंच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. तपासनीसांना ते ओळखता आलं नाही. ताई म्हणाल्या, "तुमच्या दोघांच्या सगळ्या जबाबात मला एकच गोष्ट न ठरवलेली वाटली. रात्री कोण उठणार, असं विचारलं तर तुम्ही म्हणालात मी. त्या म्हणाल्या, मी. त्या तर म्हणाल्या, यांना उठू देणार नाही, हे आधी चौकशी करत बसतील." त्या थोड्या थांबल्या. "मोठीला थोडे दिवस तुमच्याकडे पाठवते. मग तिलाच विचारीन. ती नाही म्हणाली तर मात्र पुन्हा येऊ नका, शप्पथही घेऊ नका."

तपासनीस खुर्चीतून उठले, पण खुर्ची त्यांना सोडेना. दोघी-तिघींनी ओढून ती काढली. दारात मोठी उभी होती, दप्तरासह. किती वेळ उभी होती, कोण जाणे.

"तुम्ही परत आलात?" तिने विचारलं.

"हो."

"का?"

"तुझ्यासाठी."

तिचा काही विश्वास बसलेला दिसला नाही. तिने फक्त त्यांच्या मनगटाकडे बघितलं. घड्याळ बरोबर लावलेलं होतं.

मोठी आली ती रविवारी सकाळी. सगळी इमारत काहीतरी निमित्त काढून जिन्यात उभी होती. तिने कुणाकडे बघितलं नाही. घरात शिरल्यावर आधी तिने बाहेरचं दार लावून बघितलं, मग आतून उघडून बघितलं. दोनदा. खिडक्या बघितल्या. खाटेखाली वाकून बघितलं. पिवळ्या भिंतीला बोट लावून बोट नाकाशी नेलं. तपासनीस तिच्या मागे चार पावलांवर हात मागे बांधून फिरत होते आणि त्यांच्या मनात कौतुक मावत नव्हतं. तिने पडद्याची मागची बाजूही उलटून बघितली, ते तर त्यांच्याही लक्षात आलं नसतं.

"इथे आधी कोण राहत होतं?" तिने विचारलं.

"कुणी नाही."

"मग खोली कशाला होती?"

"रिकामी होती."

याची तिने मनात नोंद केली असावी. जेवायला बसली ती दप्तरासकट, खुर्चीच्या अगदी कडेवर. पोळीचा तुकडा मोडण्याआधी तिने तो उजेडात धरला. चष्मेबाईंनी तपासनीसांकडे बघितलं आणि तपासनीस म्हणाले, "बघू दे. बघावं माणसाने."

दुपारी चष्मेबाई स्वयंपाकघरात भांडी आवरत होत्या तेव्हा ती तिथे गेली आणि तिने दार लोटून घेतलं. तपासनीस हॉलमध्ये वर्तमानपत्र धरून बसले होते. ते उलटं होतं हे त्यांना नंतर कळलं. थोड्या वेळाने दार उघडलं. मोठी बाहेर आली, त्यांच्यासमोर बसली आणि काही बोलली नाही. त्यांच्याकडे नुसती बघत राहिली.

ही शांतता तपासनीसांना सोसली नाही. "काय गं?" त्यांनी विचारलं.

"मी वाईट वागले तर मला परत सोडणार का?"

तपासनीसांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं. "नाही," ते म्हणाले.

"ताट फोडलं तर?"

"नाही."

"तुमच्याशी जमवून घेतलं नाही तर?"

"तरी नाही," ते म्हणाले. "जमवून आम्ही घेऊ."

ती विचार करत बसली. मग तिने हळूच सांगितलं, "त्या पण अगदी हेच म्हणाल्या. हेच शब्द." तिने तपासनीसांकडे रोखून बघितलं. "दोघांचं सारखं आलं. म्हणजे तुम्ही पाठ केलंय."

हेच वाक्य बोलून तपासनीसांनी आजवर कित्येक माणसं दारातून परत पाठवली होती. स्वयंपाकघराच्या दारात चष्मेबाई ओले हात तसेच धरून उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण मधे पडायचं नाही एवढं त्यांना कळत होतं.

तपासनीस म्हणाले, "बरोबर आहे तुझं. मलाही हाच संशय आला असता. तू आमच्यावर विश्वास ठेवू नकोस."

मोठी चमकली. असं तिला आजवर कुणी सांगितलं नसावं.

"मग काय करू?"

"तपास कर. नीट, सावकाश. आम्ही म्हणतो ते खरं आहे की नाही, तू बघ."

"किती दिवस लागतात?"

"सांगता येत नाही. अशा प्रकरणांत फार दिवस लागतात. आणि जागेवर राहूनच तपास करावा लागतो. लांबून होत नाही."

"म्हणजे इथेच राहायचं?"

"हो. तपास संपेपर्यंत."

"आणि संपलाच नाही तर?"

"तर मग राहायचं," तपासनीस म्हणाले.

तिने यावर खूप वेळ विचार केला. तपासनीस श्वास धरून बसले. इतक्या दाव्यांचे निकाल त्यांनी दिले होते, पण निकालाची वाट बघणं म्हणजे काय असतं ते त्यांना आज समजत होतं. शेवटी तिने आधी एक पट्टा खांद्यावरून काढला, मग दुसरा. दप्तर मांडीवर घेतलं, उघडून आतलं सगळं आहे ना बघितलं, आणि खुर्चीखाली ठेवलं. पाय मात्र त्यावर टेकवून ठेवला.

ही गोष्ट आता जुनी झाली. ताईंनी विचारलं तेव्हा मोठी नाही म्हणाली नाही. मोठी कॉलेजात जाते. हेडमास्तरांचा गॅस बंद आहे का, हे आता तीच जाऊन बघते आणि हेडमास्तरांना अजूनही अपमान वाटतो. मधूनच, कधी काही कारण नसताना, ती आधी चष्मेबाईंना दुकानात गाठते, मग तपासनीसांना घरी, आणि दोघांना तोच जुना प्रश्न विचारते. उत्तर शब्दाला शब्द तेच येतं. ती मान डोलावते आणि म्हणते, "बघू. अजून तपास चालू आहे."

तपासनीस आता निवृत्तीला आले आहेत. आयुष्यभर त्यांनी प्रकरणं लवकर बंद करण्यात नाव मिळवलं. हे एक प्रकरण मात्र कधीच बंद होऊ नये, असं त्यांना मनापासून वाटतं.